याद्या अर्ध्या राहिल्या, मधु

मधु, काल तुझी तेरवी झाली. आज गुरुवार. परवा शनिवारी तुझ्या भाऊजींच्या राजीनाम्याचे तीन महिने भरतात. त्यानंतर पोलादाचा प्लांट त्यांचा नाही आणि ते प्लांटचे नाहीत. हे मी तुला कशाला सांगत बसले असं म्हणशील. पण दुसऱ्या कोणाला सांगू? या राजीनाम्याची सगळी गोष्ट ज्याला ठाऊक होती असा तू एकच माणूस, आणि तू दिल्लीत बसल्या खुर्चीत निघून गेलास.

आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी आले होते. म्हणाले, ‘ताई, अंकासाठी भावावर दोन पानं द्या. जन्म, शिक्षण, कोणकोणत्या पदांवर होते ते.’ मी मान हलवली. पण तसलं माझ्याच्यानं लिहवत नाही. तुझा जन्म मला चांगला ठाऊक आहे, सुईणीला बोलवायला मीच धावले होते, नऊ वर्षांची. तुझी पदं मात्र मला कधी नीट पाठ झाली नाहीत. कोणी विचारलं की ‘दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर आहे’ एवढं सांगून मी चहा ठेवायला आत पळायचे.

आई गेली तेव्हा तू आठवीत होतास. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आलास, हातात एक पिशवी, आणि आल्याबरोबर विचारलंस, ‘ताई, मी कुठं बसू अभ्यासाले?’ जागा होती ती स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. मी पोळ्या लाटायची आणि तू मोठ्यानं इंग्रजी वाचायचास. मोठ्यानं वाच असं मीच सांगितलं होतं, मनात वाचलंस की तुला झोप लागायची. मी चौथी शिकलेली. पण ऐकता ऐकता शब्द कानात बसले, मग डोळ्यांत बसले. तू कॉलेजला गेल्यावर तुझी जुनी डिक्शनरी मी रद्दीत दिली नाही. दुपारी सगळे कामावर गेले की एक पान वाचायची. सेक्टरमधल्या बाया औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायला माझ्याकडे यायच्या. मला त्याचा गर्व होता रे. तो गर्वच नडला.

दिवाळीत तू आलास तेव्हाचं आठवतं? अंगणात खाटेवर बसून चिवडा खात होतास. मी विचारलं, ‘तू करत काय राहतोस रे तिथं सारा दिवस?’

‘करार, ताई. शेजारच्या देशासोबत. पहिले सामानाचा होता, कोणतं सामान बिनाजकातीचं जाईन-येईन थो. आता सेवांचा करून राहिलो.’

‘सेवा? मंदिरातली?’

भाऊजी म्हणाले, ‘अवं, सासू-सासऱ्याइची असन. तिकडल्या सुना इकडच्या म्हाताऱ्याइची सेवा करतीन.’

तू पोट धरून हसलास. मग म्हणालास, ‘भाऊजी, ऐका. वीट गेली तं सामान. वीट रचणारा गेला तं सेवा. डॉक्टर गेला, मास्तर गेला, हिशेब लिहिणारा गेला, साऱ्या सेवाच.’

भाऊजींचं हसू थांबलं. ‘वीट रचणारा? म्हणजे माह्यासारखा?’

‘तुमच्यासारखाच.’

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चोवीस वर्षं हा माझा नवरा भट्ट्यांच्या पोटात शिरून आग झेलणाऱ्या विटांचं अस्तर लावतो. एक वीट वाकडी बसली तर लोखंडाचा रस बाहेर येईल, असलं काम. आणि प्लांटच्या कागदावर अजून ‘खलासी’, हाताखालचा मजूर. सर्टिफिकेट नाही ना. भरती झाले तेव्हा खलासी, निवृत्त होतील तेव्हाही खलासी. त्यांच्या हाताखाली शिकलेले डिप्लोमावाले त्यांना नावानं हाक मारतात. ते कधी बोलले नाहीत. पण त्या दिवशी ‘तुमच्यासारखाच’ म्हटलंस तेव्हा ते सरळ होऊन बसले, हे मी पाहिलं.

तू पुढं सांगत होतास. दोन्ही देशांचे लोक समोरासमोर बसतात. तुम्ही आमच्या कोणत्या लोकांना येऊ द्याल, आम्ही तुमच्या कोणाला देऊ, सगळं मांडून लिहितात. जेवढं लिहिलं तेवढंच बंधन, उरलेल्याबद्दल कोणी कोणाला बोल लावायचा नाही.

मी म्हटलं, ‘मंग असं सांग न बापा, याद्या करून राहिला! सोयरीक पक्की झाल्यावर दोन्हीकडले बसतात तशा. वऱ्हाड किती येईन, मानपान कोणाकोणाले, जेवणं कोणाकडे.’

तू टाळीच वाजवलीस. ‘तेच वं ताई! दोन वर्षं झाले मी शैलाले हे समजावून राहिलो. तुले एका मिनिटात समजलं.’

ह्या एका वाक्यानं मी किती फुगले असेन, सांगता येत नाही. तुझी बायको एवढी शिकलेली, शाळेत शिकवते, आणि तिला न समजलेलं मला समजलं! त्या दिवसापासून तूही याद्याच म्हणायला लागलास.

दुसऱ्या दिवशी तू मोहन नगरला मित्राकडे गेलास. तुझी फाइल टेबलावर होती. मी टेबल पुसायला गेले. फाइल उचलली. मधु, उचलली ती ठेवायची होती. मी उघडली. तुला कधी सांगितलं नाही ते आज लिहिते: मला बघायचं होतं की यादीत आपलं माणूस आहे की नाही.

सापडलं की. ‘औद्योगिक भट्ट्यांची दुरुस्ती’, त्या शेजारच्या देशाकडून आलेली यादी. त्याच्यापुढे चार ओळी. काम सीमेपार जायचे चार रस्ते तूच सांगितले होतेस. एक, टपालानं-टेलिफोनानं. दोन, गिऱ्हाईक स्वतः इकडे येऊन. तीन, तिकडे आपलं ऑफिस उघडून. आणि चौथा, माणूस स्वतः जाऊन. पहिल्या तीन ओळींपुढे लिहिलं होतं ‘नन’. चौथीपुढे ‘अनबाउंड’.

मी डिक्शनरी काढली. नन म्हणजे काहीच नाही. अनबाउंड म्हणजे न बांधलेलं, मोकळं. पुन्हा पाहिलं. बाकीच्यांना काहीच नाही आणि आपल्या माणसांचा रस्ता मोकळा! फाइल होती तशी ठेवली, वरचा पेनसुद्धा तिरपा होता तसा तिरपा ठेवला.

तू दिल्लीला परत गेलास त्या दिवशी संध्याकाळी मी भाऊजींना सांगितलं. शेजारच्या गीताला सांगितलं, तिचा नवराही भट्टी-मिस्त्री. गीतानं ज्याला सांगितलं नाही असा माणूस आमच्या लायनीत उरला नाही. तिसऱ्या दिवशी जवळच्या हथखोजचे एक ठेकेदार मिठाईचा डबा घेऊन दारात. त्यांच्याकडे त्या शेजारच्या देशातल्या सिमेंट कारखान्यांचं वर्षभराचं काम होतं, फिरत्या भट्ट्यांचं अस्तर. आधी एकदा त्यांनी कामाचा परवाना नसताना पाहुण्यांच्या पासवर मिस्त्री पाठवले होते. सीमेवरून परत आले, एक जण तर आठ दिवस तिथल्या कोठडीत राहून आला. म्हणून कोणी तयार होत नव्हतं. आता म्हणाले, ‘अब तो कागज पर आ गया, मिस्त्री जी. आप हेड रहेंगे.’ आणि त्यांच्या वहीत भाऊजींचं नाव लिहिलं. नावापुढे लिहिलं ‘हेड मिस्त्री’. भाऊजींनी ती वही स्वतःकडे वळवून वाचली.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

मी एसटीडी बूथवर धावले, तुला आनंदाची बातमी द्यायला. ते बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

‘मधु, भाऊजीनं राजीनामा देऊन टाकला!’

‘काय? कावून?’

‘अरे, तुह्याच कागदात तं लिहिलं हाये न. चौथा रस्ता मोकळा.’

‘ताई, कोणता शब्द वाचला तू?’

‘अनबाउंड.’

‘आन वरच्या तिघांपुढे?’

‘नन. त्याइले काहीच नाही भेटलं.’

‘उलटं हाये वं ताई सारं.’ तुझा आवाज एकदम बारीक झाला. ‘नन म्हणजे रोक-टोक काहीच नाही. पुरं खुल्लं. आन अनबाउंड म्हणजे आमी बांधील नाही. आमचा शब्द नाही. वाटलं तं येऊ देऊ, नाही वाटलं तं हाकलून देऊ.’

‘थांब. म्हणजे “काही नाही” म्हणजे हो, आन “मोकळं” म्हणजे नाही?’

‘हो.’

‘कोणत्या गाढवानं लिहिलं हे?’

‘साऱ्या दुनियेत असंच लिहितात, ताई. आपल्याकडच्या यादीत तं म्याच लिहिलं.’

बूथवाला माझ्याकडे बघत होता. मला खाली बसावंसं वाटलं, पण तिथं स्टूल एकच आणि त्यावर तो. तू विचारलंस, ‘कोणाकोणाले सांगितलं?’ मी म्हटलं, साऱ्याइले. तू रागावला नाहीस. फाइल का उघडलीस असंसुद्धा विचारलं नाहीस. एवढंच म्हणालास, ‘भाऊजीले सांग, राजीनामा परत घ्या. तीन महिन्यांत घेता येते.’ त्या न विचारलेल्या प्रश्नाचं ओझं माझ्यावर अजून आहे. विचारायचं होतंस. मी रडले असते, तू दोन शब्द बोलला असतास, संपलं असतं.

भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, ‘मधु हाये न तिथं बसलेला. बदलवून घेईन थो.’ मी म्हटलं, असं बदलत नसतं. ‘कावून नाही बदलत? याद्या अजून चालूच हायेत न? बैठकीत शब्द मागं-पुढं होतेच.’ माझंच याद्यांचं उदाहरण माझ्या गळ्यात.

पुन्हा बूथ. ‘मधु, बदलवशील न?’

‘प्रयत्न करतो.’

‘प्रयत्न नोको. शब्द दे.’

‘शब्द नाही देत, ताई. बैठक दोघांची असते. मी एकटा कसा शब्द देऊ?’

‘म्हणजे तू पण अनबाउंडच!’ असं म्हणून मी फोन आपटला.

काल शैला सांगत होती, तू हे ऑफिसात सगळ्यांना हसत हसत सांगितलंस. तेव्हापासून तुमच्याकडे कोणी काम टाळायला लागला की म्हणतात, ‘ताईच्या भाषेत अनबाउंड.’ मी रागानं बोललेलं तू तिथं गमतीचं करून ठेवलंस. मला वाटत होतं तुला लागलं असेल. एवढे दिवस मी तेच धरून बसले होते.

मग तुझं पत्र आलं. बंद दार पुरं उघडणार नाही म्हणालास, पण ‘अमुक सोडून’ असं लिहून एक फट पाडता येईल. रस्ता बंद, डिप्लोमा असलेल्यांना सोडून. आणि तू त्यात जोडायला निघालास, ‘किंवा दहा वर्षांचा अनुभव असलेल्यांना सोडून’. तिकडचे विचारत होते, अनुभव खरा की खोटा हे आम्ही कसं ओळखायचं? तू मला लिहिलंस: ‘ताई, मिस्त्री लोक वीट कशी ओळखतात, काम कसं शिकतात, कोणाला मिस्त्री म्हणायचं हे कोण ठरवते, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.’

चार रविवार आमच्या अंगणात शाळा भरली, मधु. अकरा मिस्त्री आणि हे बारावे. जामुलहून पुनऊ मिस्त्री बसनं यायचे, सगळ्यांत म्हातारे, छत्तीसगडी बोलायचे. त्यांनी विटा आणल्या दोन. एक हातोडीनं ठोकली, खणखणीत वाजली. दुसरी ठोकली, बद्द. ‘ईंटा खुदे बताथे, दीदी,’ म्हणाले, वीट स्वतःच सांगते. मी ते लिहिलं. नवीन माणसाला आधी वर्षभर नुसतं ऐकायला बसवतात, हातात थापी देत नाहीत, ते लिहिलं. पहिल्यांदा भट्टीची कमान बांधली आणि खालचा टेकू काढल्यावर ती उभी राहिली की त्या दिवसापासून तो मिस्त्री, बाकीच्यांनी त्याला त्या दिवशी चहा पाजायचा, तेही लिहिलं. अकरा पानं झाली. तू इंग्रजीत केलंस आणि मला नक्कल पाठवलीस. मी वाचली आणि पुन्हा भांडण. मिस्त्रीच्या जागी तू सगळीकडे ‘टेक्निशियन’ घातलं होतंस.

‘टेक्निशियन म्हटलं का डिप्लोमा मागतीन. मिस्त्रीच लिही.’

‘मिस्त्री त्याइच्या कोणत्याच रजिस्टरात नाही, ताई.’

‘नाही तं लिहून घ्या म्हणा. कशाले असते मंग यादी?’

हे भांडण मिटलं नाही. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. तुला अजूनही तुझंच वाटत असणार. असू दे.

जानेवारीत बैठक झाली आणि तू स्वतः शेजारच्या फोनवर मला बोलावून घेतलंस. ‘डिप्लोमा आला, ताई. अनुभव कंसात हाये.’

‘कंसात म्हणजे?’

‘चौकोनी कंस. दोघांनी मानलं नाही तोवर शब्द कंसात ठेवतात. खोडला पण नाही, धरला पण नाही.’

‘मंग काढ न बाहेर.’

‘पुढची बैठक मार्चात हाये.’

‘राजीनामा फेब्रुवारीत भरते, मधु!’

‘म्हणूनच सांगून राहिलो. परत घ्याले लाव भाऊजीले.’

‘तू सांग.’

‘माह्यं ऐकत नाही ते.’

‘माह्यं तरी कुठं ऐकतात?’ आणि मग मी ते बोलले. ‘तुमचे इंजिनेर सुटले, डिप्लोमावाले सुटले. कंसात राहिले ते आमचे. असंच होते नेहमी.’

तू म्हणालास, ‘ताई, थंडी लय हाये इथं. ठेवतो.’

नऊ दिवसांनी तुझ्या ऑफिसातून फोन आला. तुझं शेवटचं बोलणं म्हणून माझ्याजवळ हे आहे, थंडी लय हाये. मी स्वेटर घाल असंसुद्धा म्हटलं नाही.

आता खरी धास्ती सांगते. काल तेरवीला सगळे मिस्त्री आले होते, बायका घेऊन. पंगतीत मी वाढत होते आणि जो तो म्हणत होता, ‘मधुभाऊ आपलं काम करून गेला.’ ते ठेकेदार तर उभं राहून बोलले की जाता जाता भाईसाब आमच्यासाठी दरवाजा उघडून गेले, मंगळवारी निघायचं. भाऊजी मान डोलवत होते. कंसाचं त्यांना मी जानेवारीतच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, ‘निघन कंसातून.’ आता तू गेल्यावर त्यांच्या मनात तो निघालाच आहे. मेलेल्या माणसाचं काम अर्धं राहिलं असं कोणाला मनात आणवत नाही बघ.

शैलानं तुझी बॅग आणली. शेवटचा कागद त्यात आहे. आज सकाळी मी तीनदा वाचला. दिवाळीपासून माझा माझ्या वाचण्यावर भरोसा नाही, म्हणून शैलाला वाचायला लावला. ती म्हणाली, ‘कंसच आहे, ताई. आणि समासात ह्यांच्या अक्षरात मार्च लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह.’

एवढ्या मोठ्या तोंडानं सगळे तुझं नाव घेत आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून मी म्हणू, माझ्या भावानं केलं नाही? तेरवीचे पाट अजून धुवून वाळत पडलेत. न म्हणावं तर भाऊजींची चोवीस वर्षं शनिवारी जातात, आणि मंगळवारी ते त्या सीमेवर उभे राहतात जिथं त्यांना येऊ द्यायला कोणी बांधील नाही. कोठडीतला तो माणूस परत आला तेव्हा महिनाभर दाराची कडी लावू द्यायचा नाही. मला तेच दिसतं. भाजी चिरताना तेच दिसतं.

तू असतास तर म्हणाला असतास, ‘ताई, जे लिहिलं तेवढंच वाच.’

*

आज रविवार. मधलं लिहायला बसताच आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे अंगणात जमले, मंगळवारचं ठरवायला. ठेकेदार नव्हते, बरं झालं. मी चहा दिला आणि आत जायच्याऐवजी तिथंच उभी राहिले. पुनऊ मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि जायचं की नाही ते त्यांनीच विचारलं, ‘दीदी, साफ-साफ बता. जाबो कि नइ जाबो?’

मी म्हटलं, ‘माह्या भावाचं काम झालं नाही. तो करत होता. करता करता गेला. कागदावर तुमचा रस्ता अजून बंद हाये.’

हिंदीतही सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

भाऊजी उठले. ‘मेलेल्या माणसाचं वाईट कावून बोलून राहिली? तोही सख्खा भाऊ?’

‘वाईट नाही बोलत. त्यानं स्वतः फोनवर सांगितलं होतं. म्या तुमाले सांगितलं. तुमी ऐकलं नाही.’

‘दिवाळीत पण तूच सांगितलं होतं. मोकळं हाये म्हणून.’

सगळ्यांसमोर बोलले. खरंच होतं. मी म्हटलं, ‘हो. म्याच चुकीचं वाचलं. त्याची चूक नाही, माही हाये. म्हणूनच आता मी एकटीनं नाही वाचत.’

शैला आतून कागद घेऊन आली. पांढऱ्या साडीतली ती पोर, दिल्लीची, कधी चारचौघात बोलत नाही. तिनं कागद खाटेवर ठेवला आणि नखानं दाखवलं. ‘भाऊजी, हा बघा कंस. इकडे उघडतो, इकडे बंद होतो. यातलं अजून कोणाचंच नाही.’

पुनऊ मिस्त्री वाकले. बोट फिरवलं त्यावरून. म्हणाले, ‘चौंखट कस दिखत हे, दीदी. फेर कपाट बंद हे.’ चौकट तर दिसते, पण दार बंद आहे. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, ‘चौंखट घलो कोनो आज ले नइ बनाए रिहिस.’ चौकटसुद्धा आजवर कोणी केली नव्हती.

मधु, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहून ठेवते. तेरवीत जे जे बोललं गेलं ते सगळं एका बाजूला आणि हे एक.

नऊ जण नाही जात म्हणाले. गीताचा नवरा आणि अजून एक जाणार आहेत, त्यांच्याकडे परत घ्यायला राजीनामा नाही, ते रोजीवरचेच. गीता माझ्याशी बोलत नाही. तिच्या नवऱ्याच्या पिशवीत मी तुझ्या ऑफिसचा फोन नंबर लिहून टाकला. मंगळवारनंतर माझी झोप उडणार आहे, ते वेगळं.

भाऊजी मात्र त्या संध्याकाळी हो की नाही काहीच बोलले नाहीत. शनिवारी सकाळी साडेआठला सायकल काढली. कुठं जाता विचारायची माझी छाती झाली नाही. हथखोजचा रस्ता आणि प्लांटच्या ऑफिसचा रस्ता कोपऱ्यापर्यंत एकच आहे, कोपऱ्यापुढचं आमच्या दारातून दिसत नाही. साडेनऊ झाले, साडेदहा झाले. शैला तांदूळ निवडत होती, तेच ताट तिनं तीनदा निवडलं. मी तुझ्याशी मनात भांडले, तूच एवढं समजावून सांगायचं होतंस त्यांना, असं. मग वाटलं, तू तर सांगितलंच होतंस. मग वाटलं, ऑफिसवाले म्हणाले तर, आता उशीर झाला?

पाऊण वाजता आले. चपला काढल्या, हात-पाय धुतले, पाटावर बसले. मी वाढलं. दोन घास खाल्ले.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं. सोमवारी पहिली पाळी.’

मी तिथंच बसले. थोड्या वेळानं विचारलं, ‘मधुवर राग आला का तुमाले?’

‘मेलेल्यावर काय राग. जिता असता तं धरून इथं आणला असता आन भट्टीत उतरवला असता. म्हटलं असतं, घे, लाव वीट, पायू तुह्या कंसात किती दम हाये.’ आणि घास हातात तसाच राहिला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोडला. मी बघितलं नाही असं केलं, तू असतास तर तूही तसंच केलं असतंस.

मग म्हणाले, ‘तिथला बाबू म्हणे, अर्जात कारण लिहा लागते. राजीनामा परत कावून घेता?’

‘मंग? काय सांगितलं?’

‘काय सांगू? दोन देशाइच्या याद्या सांगू? नन सांगू का अनबाउंड सांगू?’ भातावर त्यांनी वरण ओढलं. ‘म्हटलं, लिहा, घरगुती.’

शैलाला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. मलाही आलं. हसता हसता दोघींचंही दुसरंच काही झालं ते सोड. पण मधु, तुझ्या त्या फाइलीत एवढे शब्द पाहिले मी, एकही जसा दिसतो तसा निघाला नाही. ‘घरगुती’ हा एक निघाला.